परत आलेले डबे

घणसोली गाव, नवी मुंबई
११ फेब्रुवारी

ती. आक्कास,

शिवरामचा नमस्कार. दाजींना नमस्कार. मनूचे दोन्ही गाल माझ्या वतीनं ओढ, पण हळू ओढ. शेळी व्यायली का? मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो, खोकला गेला.

तू म्हणशील, फोन असताना ह्याला पत्राचं कुठून सुचलं. आक्का, फोन दाजींचा. दाजी तो स्पीकरवर लावून ओसरीवर ठेवतात, मग अख्खी आळी माझ्याशी बोलते. तू विचारतेस, "जेवलास का?" मी म्हणतो, "हो." तेवढ्यात मनू लाल बटण दाबते. झालं आपलं बोलणं. कागदावर कुणाला बटण दाबता येत नाही. मी सहावीत शाळा सोडली, अक्षरही तिथंच बसलंय, पुढच्या वर्गात गेलं नाही. सांभाळून वाच.

जत्रेत दाजींनी विचारलं ते माझ्या ध्यानात आहे. जूनमध्ये मनूला पहिलीत घालायची, तेव्हा तिला रीतसर दत्तक घेऊन आईबाप म्हणून तुमची दोघांची नावं लावायची का. मी आकाशपाळण्याकडं बघत उभा राहिलो. दाजी म्हणाले, "निवांत सांग, आमाला घाई न्हाय." आणि खरंच तुम्ही घाई केली नाही. नंतर किती फोन झाले, तू तो विषय काढला नाहीस. न काढलेला विषय मला ऐकू येतो, आक्का. त्याचं उत्तर ह्या पत्रात आहे का ते मलाच माहीत नाही. लिहीत जातो, बघू कुठं पोचतंय.

आधी कामाचं सांगतो. तळोज्याची कंपनी सोडली. ओरडू नको. नावड्याच्या खोलीत झोपलो की स्वप्नांनासुद्धा केमिकलचा वास यायचा. त्याच्या आधी उलव्याला टाइल्स बसवत होतो, तिथं बिल्डिंग पुरी झाली की आपण बाहेर. मग घणसोलीत गॅसच्या टाक्या पोचवायला लागलो. तू म्हणतेस माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. पण सध्या जे करतोय ते ऐकून तू हसशील. मी पोरांचे शाळेचे डबे भरतो.

झालं असं. गावात सरस्वतीकाकू म्हणून आहेत, इथल्याच, आगरी. त्यांच्या सासऱ्याचं शेत होतं तिथं आता टॉवर उभे आहेत. टॉवरमधल्या बाया सकाळी उठून ऑफिसला पळतात, त्यांच्या पोरांचे डबे काकू करून देतात. मी टाकी घेऊन गेलो त्या दिवशी त्यांची मदतनीस बाई आली नव्हती. कणकेची परात तशीच पडलेली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "काय रं, हात धुतंस का कदी?"

"धुतो की."

"मंग धू."

हात धुतले ते धुतलेच. गॅस एजन्सीवाला अजून माझी वाट बघतोय.

काकू तिखट आहेत, पण मनानं चांगल्या. म्हणतात, "सासरा हितं भात लावायचा, मी हितं भात शिजवतंय. शेत गेला, भात नाय गेला."

आता ह्या कामातली मजा ऐक. डबा भरणं सोपं आहे. आया फोनवर सांगतात, मैदा नको, साखर नको, तळलेलं नको, भाजी पाहिजेच. तसं भरायचं. पण पोरगं ते खाणार का? म्हणून काकूंचा एक नियम आहे. परत आलेला डबा उघडून बघितल्याबिगर धुवायचा नाही. दुपारी शाळेची व्हॅन डबे आणून टाकते. आम्ही दोघं ओटीवर बसतो, डबे ओळीनं मांडतो आणि एकेक झाकण उघडतो. काकू म्हणतात, "आई खोटा बोलंल, पोर खोटा बोलंल, डबा नाय बोलायचा."

आणि खरंच आहे. एक प्रियदर्शिनी म्हणून पोरगी आहे, ती गाजराचे तुकडे खात नाही पण टाकतही नाही. डब्याच्या कडेला ओळीत उभे करून पाठवते, शाळेत प्रार्थनेला उभे असल्यासारखे. एकजण पालकाच्या पराठ्याला फक्त मधे भोक पाडतो. त्यातून बघत असेल शेजारच्याकडं. हळूहळू मला त्यांची तोंडं दिसायला लागली. एकालाही मी बघितलेलं नाही.

अरसलान दुसरीत आहे. तो फक्त पांढरं खातो. भात, इडली, दही. त्याची आई जैनब मॅडम बँकेत आहे, तिला टेन्शन आलं की ती काकूंना फोन करते. आम्ही बिटाची पुरी घातली, लाल भडक. ती जशी गेली तशी आली, नुसती घाबरून. नाचणीचा डोसा घातला, त्याला हातसुद्धा लावला नाही. मग मला तुझी चानकी आठवली. भाकरी थापून झाल्यावर परातीत उरलेल्या पिठाची तू मला तळहाताएवढी करून द्यायचीस आणि वर अंगठा दाबायचीस, त्यात तुपाचा थेंब. मी ताटातली मोठी भाकरी सोडून तीच मागायचो. काकूंच्या तांदळाच्या पिठाची तशी केली. पोटात दुधी, पनीर आणि दाण्याचं कूट, वरून पांढरीच. अंगठा दाबला. खळग्यात कोथिंबिरीची चटणी, एवढीशी.

डबा रिकामा आला. चाटूनपुसून. संध्याकाळी जैनब मॅडमचा फोन, "काकू, अरसलान विचारतोय, अंगठा कुणाचा आहे? त्याचा त्यात मावतो म्हणे, अजून जागा राहते."

त्या दिवशी मी खाडीपर्यंत चालत गेलो. उगाच. पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते, गुलाबी, कुणीतरी बिटाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे.

सकाळी डबे गेले की मी ओटीवर चहा घेऊन बसतो. मधली सुट्टी झाली की मला इथं बसल्या बसल्या झाकणं उघडल्याचा आवाज येतो. सगळी एकदम. ती शाळा मी बाहेरूनसुद्धा बघितलेली नाही. तरी मला दिसतं, प्रत्येक झाकणाखालून थोडी वाफ निघते, ती खिडकीतून बाहेर जाते, टॉवरांच्या मधून, डोंगरावरून, घाट चढून तुझ्या चुलीकडं. काकू म्हणतात, "परत गेला ह्यो. च्या थंड झाला."

मनू काय खाते? तू शाळेत पोरांसाठी शिजवतेस त्या खिचडीतले वाटाणे अजून बाजूला काढते का? मला नीट लिही. आधी काय खाते, मग काय, शेवटाला काय ठेवते. तिचा परत आलेला डबा मी कधी बघितला नाही.

उत्तर राहिलं. कागद पुरला नाही असं समज.

तुझा,
शिवराम


घणसोली गाव
२७ मार्च

ती. आक्का,

तुझं पत्र पोचलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू हसशील. शेळीला दोन करडं झाली हे चांगलं झालं. एकाचं नाव मनूनं "कुकर" ठेवलं हे वाचून काकू पण हसल्या.

तू लिहिलंस ते सगळं पाठ झालं. ती वाटाणे आधी खाते, एकेक, आणि सातनंतर नऊ मोजते. भाकरीचा पापुद्रा वेगळा काढून त्यात भाजी लपवते. गुळाचा खडा शेवटपर्यंत मुठीत ठेवते, मग मूठच चाटते. उत्तराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. फक्त खाली काहीतरी लिहून खोडलंयस. कागद उजेडाकडं धरून मी ते वाचलं. "तू म्हणशील तसं," असं आहे.

आता इथं काय झालं ते सांगतो. हसू नको, नाहीतर हस.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सकाळी नेहमीसारखे डबे भरत होतो. डब्यांवर पोरांची नावं रंगवलेली आहेत. एका पोराचे आईबाप बंगळूरला गेले, त्याचा डबा नाव खरवडून फळीवर ठेवलेला. माझा हात तिकडं कधी गेला मला कळलं नाही. मुगाचं धिरडं केलं, गुंडाळून तुकडे केले. वाटाणे वेगळ्या वाटीत. दोन वाटाण्याचे डोळे आणि गाजराचं तोंड. गूळ-शेंगदाण्याचा लाडू शेवटी, कोपऱ्यात, मुठीत मावेल एवढा. झाकण लावलं. डबे व्हॅनमध्ये गेले. काकू फळीकडं बघून म्हणाल्या, "ह्यो डबा कुठं गेला रं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी कुणाचा डबा भरला.

मला वाटलं, जाईल तसा परत येईल. दुपारी बाकीचे डबे खरकटे आले आणि हा एक घासून लखलखीत. आत चार बाळकैऱ्या.

आम्ही दोघं त्या कैऱ्यांकडं बघत बसलो. शाळेतलं कुठलं पोरगं डबा घासून देतं? काकू म्हणाल्या, "भूत हाय काय?" आणि एक कैरी मीठ लावून खाल्ली. भुताची असली तरी कैरी ती कैरी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भरला. भाजणीचं छोटं थालीपीठ, आत किसलेला कोबी, काकडीचे चंद्र. डबा पुन्हा लखलखीत आला, आत चिंचेची बोटुकं. आक्का, खरं सांगू? मला ठाऊक होतं की असं काही नसतं. तरी मी मनाशी ठरवलं की तो डबा तिकडंच जातोय. तुझ्या परसातल्या चिंचेखाली. मी दोन दिवस त्या ठरवण्यात राहिलो, पाण्यावर उताणं पडून राहावं तसा.

तिसऱ्या दिवशी काकूंनी व्हॅन थांबवली. व्हॅनमध्ये पोरांबरोबर बसायला पुतळामावशी असतात, जालन्याकडच्या. काकूंनी डबा त्यांच्या नाकासमोर धरला.

"पुतळे, ह्यो कोन खातंय गो?"

मावशी गडबडल्या. "मीच की. का? माझा नव्हता काय?"

"तुजा कसा? पोरांचा डबा त्यो!"

"अवो, नाव कुठंय त्याच्यावर? समद्या लेकरांचे वाटून झाले, एक उरला. मला वाटलं शिवरामनं मला घातला." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाटाण्याचे डोळे होते रे त्याला. माझ्याकडं बघून हसत व्हतं. मला आजवर कुणी तोंड काढून डबा दिला नव्हता बाबा. आन् रिकामं भांडं कसं परत द्यायचं, म्हणून म्हटलं असंल ते घालावं."

काकू हसत हसत पायरीवर बसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पोरं खिडकीतून "मावशी का डब्बा, मावशी का डब्बा" ओरडतायत. मग काकूंचं हसू थांबलं. "थांब गो. मंग तू कोनासाठी भरतंस रं?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीसाठी."

आक्का, हे वाक्य मी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. इथं कुणाला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं काहीतरी पडेल, फुटेल. काही नाही झालं. व्हॅन निघून गेली.

"मुलगी हाय तुना?" काकूंनी हातातलं फडकं माझ्या पाठीत मारलं. "आनि मना सांगतंस एकटा जीव!" मग मी सगळं सांगितलं. माझी बायको पायल कावीळ होऊन गेली तेव्हा मनू नुसती बसायला लागली होती. तू तिला पदराखाली घेतलीस ती आजपर्यंत. जूनमध्ये तिचं शाळेत नाव घालायचंय आणि दाजी उत्तराची वाट बघतायत. काकू सगळं ऐकत होत्या आणि मधेच भाजी हलवत होत्या. शेवटाला म्हणाल्या, "वरची खोली मोकळीच हाय. म्युन्सिपाल्टीची शाला गल्लीच्या तोंडाशी. आन तिला. मी हाय ना."

त्या एवढंच बोलल्या. पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी धिरडं घालताना जिन्यावरून कुणीतरी उतरल्यासारखं वाटतं, अर्धवट वेणी, एका पायात बूट. मी म्हणतो, थांब, वाफ जाऊ दे, झाकण गरम लावलं की भाकरी रडते. ती विचारते, भाकरी कशी रडते? मी झाकणाच्या आतलं पाणी दाखवतो. मग आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातो, गावाची गल्ली एवढी अरुंद की वर बघितलं तर आभाळ पट्टीएवढं. त्या पट्टीतून विमान जातं. ती सातनंतर नऊ मोजते. रोज हे दिसतं, आणि रोज थोडं पुढं जातं. काल तर ती मोठी झाली आणि मला म्हणाली, डबा नको आता, कॅन्टीन आहे. तव्यावरचं करपलं.

मी एक नवीन डबा आणला, स्टीलचा, दोन कप्प्यांचा. पेंटरकडून नाव रंगवून घेतलं, "मनस्वी." पेंटर म्हणाला, "पुढं?" मी म्हटलं, पुढचं राहू दे.

मेमध्ये शाळा बंद, डबे बंद. मी तेव्हा येतो. कशाला ते तुला कळलं असेल. आल्यावर बोलू. तोंडावर बोललेलं बरं.

दाजींना अजून काही सांगू नको.

तुझा,
शिवराम


घणसोली गाव
२४ मे

ती. आक्का,

सुखरूप पोचलो. फलटणपर्यंत उभा, मग जागा मिळाली.

मी काहीच न बोलता पहाटेच्या गाडीनं निघालो. तू दारात उभी होतीस, मी पिशवी खांद्याला लावली, तू म्हणालीस, "जपून." मी म्हटलं, "हो." फोनवर बोलतो तेवढंच बोललो. तोंडावर बोलायला म्हणून आलो होतो आणि पुन्हा कागदावरच आलो.

मी चार दिवस होतो आणि चारही दिवस तू वाट बघत होतीस, हे मी बघत होतो. दाराआडची पिशवी पण मी बघितली. तिचे फ्रॉक घड्या घालून ठेवलेले, वर तिची फणी, गोधडीचा तुकडा ज्याशिवाय ती झोपत नाही. तू मला "नको नेऊस" म्हणाली नाहीस. दाजी पण नाही. दाजी तर मला टाळायला तिन्हीसांजेपर्यंत रानात राहायचे. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. घणसोलीपासून स्वारगेटपर्यंत तेच बोलत होतो मनात, माझी आहे, मी बाप आहे. तुझ्या त्या पिशवीपुढं काय बोलायचं?

मंगळवारी मी मनूला घेऊन ओढ्याकडं गेलो ते तुला आठवतंय. तू विचारलं नाहीस का. मी तिला सांगणार होतो. त्यासाठीच सकाळी तुझ्या आधी उठून तुझ्या चुलीशी बसलो होतो. तुला वाटलं असेल भावाला कामाची सवय लागली. आक्का, मनस्वी नाव रंगवलेल्या त्या डब्यात मी माझं सगळं घातलं. इथं पोरांच्या डब्यांतून जे जे शिकलो ते. बिटाच्या पुऱ्या, बोराएवढ्या. पालकाच्या पिठाची पानं, शिरा सुरीनं काढलेल्या. वाटाण्याच्या सारणाच्या दोन छोट्या करंज्या. बाजरीच्या पिठाची चानकी, वर अंगठा, आत तूप. गुळाचा खडा, मुठीतला. अशी तजवीज मी टॉवरमधल्या कुठल्या पोराची केलेली नाही.

वाटेत ती माझ्यापुढं उड्या मारत होती. कुकर नावाचं करडू पण आलं. मी पायलसारखी चाल बघत होतो तिच्यात. आहे थोडी. डावा पाय तसाच टाकते.

लिंबाखाली बसलो. ओढ्याला पाणी नाही, वाळूच, पण तिच्यावर ऊन असं हलत होतं की पाणी आहे असंच वाटावं. ती म्हणाली, "मासे बघ." मी बघितले. मला दिसले पण.

मग ती म्हणाली, "मामा, एक विचारू?"

हे मी तुला कधी लिहिलं नाही, तूही कधी बोलली नाहीस. ती मला मामा म्हणते. म्हणणारच. तू आई, दाजी बाबा, मग आईचा भाऊ कोण? कुणी शिकवलं नाही तिला, तिचं तिनं जुळवलं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तू पटकन स्वयंपाकघरात गेलीस आणि मी हसलो होतो. नंतर कुणीच दुरुस्त केलं नाही.

"विचार की."

"आई काल सांगत होती तुला बाबा म्हणायचं. मी म्हटलं, मामाला राग येईल."

"मला कशाला राग येईल?"

"मला कुणी मामी म्हटलं तर मला येईल." आणि खदाखदा हसायला लागली.

तू तिला शिकवत होतीस, आक्का. मी न्यायला आलोय म्हणून तू रात्री तिला शिकवत बसलीस, मला काय म्हणायचं ते. मला हे कळलं आणि डब्याचं झाकण उघडायचं राहून गेलं.

तिनंच डबा ओढून घेतला. उघडला. आक्का, मी इतके दिवस ज्याचा आवाज ऐकत होतो ते हेच झाकण. "आई गं!" म्हणाली. पालकाचं पान उन्हात धरून बघितलं. पुरी गालाला लावली, रंग लागतो का म्हणून. मग खायला बसली. आणि मी बघत बसलो, कारण मला आजवर खाऊन झालेलंच बघायला मिळालंय, खाताना कुणीच नाही.

तिनं एक करंजी खाल्ली, एक ठेवली. पुऱ्या खाल्ल्या, मधेच थांबून मोजल्या, सातनंतर नऊ, आणि उरलेल्या बाजूला सारल्या. चानकीचे दोन तुकडे केले, अंगठ्याच्या मधोमध, तूप सांडू न देता. एक खाल्ला. गुळाचा खडा दातानं फोडायला बघितला, फुटेना, दगडावर ठेवून दगडानं फोडला. अर्धा मुठीत. अर्धा डब्यात. झाकण लावलं.

मी म्हटलं, "आवडलं नाही का गं?"

"आवडलं."

"मग ठेवलंस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, ह्याला एवढं पण कळत नाही असं. "आईला."

आक्का, मी इथं रोज उघडलेले डबे बघतो. पोरं नावडतं ठेवतात, आवडतं संपवतात. कुठलं पोरगं आवडलेलं अर्धं ठेवत नाही. त्यात माझी चूक होणार नाही. एवढंच एक मला वाचता येतं आणि ते मी नीट वाचलं. तुझ्यासाठी तिनं ती चानकी मोडली तशी दुसऱ्या कुणासाठी मोडली असती सांग. मी तिला वरच्या खोलीत आणली असती, रोज तोंड काढलेला डबा दिला असता, आणि रोज अर्धा परत आला असता. घाट चढून तो तुझ्यापर्यंत कोण पोचवणार होतं?

मी तिला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, "मामा, मासे काय खातात?" मी म्हटलं, "ऊन." तिला पटलं.

घरी आल्यावर तिनं तुला डबा दिला आणि तू उभ्या उभ्या खाल्लास, माझ्याकडं न बघता. तुला वाटलं ती जायच्या आधीची शेवटची गंमत आहे. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण आता ती पिशवी सोड. फ्रॉक खुंटीला लाव.

दाजींना माझं उत्तर सांग, होय. तुमची नावं लावा. दत्तकाला जिथं सही लागेल तिथं मी येऊन करीन. दाजींना म्हणावं, तिन्हीसांजेच्या आधी घरी येत जा आता, मी कुणाला नेत नाही. फक्त एक. ती पुढं कधी आपणहून विचारेल तेव्हा खोटं सांगू नका. पायलचा एक फोटो माझ्याकडं आहे, तो तेव्हा मी देईन.

आणि जूनमध्ये ती शाळेत जाईल तेव्हा तुझ्याच हातची खिचडी खाईल, पंगतीला बसून, सगळ्या पोरांबरोबर. तिला डबा लागणारच नाही. हे मला फलटणच्या पुढं गाडीत सुचलं आणि मी एकटाच हसलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय झालं रं?" मी म्हटलं, "काही नाही, भूक लागली." त्यांनी मला शेंगा दिल्या.

काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "बरा केलास का वायट, मना नाय कलत. उद्यापासून पीठ तू मळ." इथल्या शाळा पंधरवड्यात सुरू होतील. अरसलान तिसरीत गेला, आता पिवळं पण खातो म्हणे, बघतो किती खरं ते. ह्या वेळी मी काम सोडत नाही. मला कुठं पळून जायचं होतं ते आता आठवत नाही.

सकाळी ओटीवर बसलो की अजून वाफ दिसते, टॉवरांच्या मधून निघालेली. ती दिसू दे. ती मी थांबवत नाही.

भाऊबीजेला येतो. मनूला सांग.

तुझा भाऊ
आणि मनूचा मामा,
शिवराम